हात म्हातारा नव्हता, सुरी बोथट होती

ये गो नंदे, अशी जवळ ये. तिकडे लांब खुर्चीवर पाहुण्यासारखी काय बसलीस, हा पाट घे, बस. तो फोन माझ्या तोंडासमोर धरू नको, बाजूला ठेव, त्याला सगळं ऐकू जातं, मला ठाऊक आहे. आणि आधी माझ्याकडून चार शब्द ऐकून घे, मग काय लिहायचं ते लिही. सकाळी चहा पिताना तू काय म्हणालीस? मावशी, आमची सुरी चालेना म्हणून मी टाकून दिली, नवी आणली. टाकून दिलीस? माझ्या सख्ख्या बहिणीची लेक तू, शाळेत पोरांना शिकवतेस, आणि चांगल्या पोलादाची सुरी कचऱ्यात टाकतेस! तोंडात घास होता म्हणून तेव्हा सुटलीस. तुझ्या वाचणाऱ्यांना कळावं म्हणून शाळेतल्या मराठीत सांगायचं बघते, पण राग आला की माझ्या तोंडात मालवणीच येते, तेव्हा ती तशीच लिही, सुधारू नको.

माझा जन्म जामसंड्याचा, तुझ्या आईचाही तिथलाच. बाबा कोल्हापुरात एका पेढीवर कामाला, घरी यायचे ते शिमग्याला आणि चतुर्थीला, बाकी वर्षभर घरात आई आणि आम्ही चार बहिणी, पुरुषमाणूस नाही. आईचा एक पाळकोयता होता, पाटाला बसवलेलं ते उभं पातं गो, पाटावर बसून त्याच्यावर मासेही कापायचे आणि भाजीही चिरायची. त्याची धार गेली की आई तो फडक्यात गुंडाळून माझ्याकडे द्यायची, जा, शेजारच्या नानाकडे देऊन ये. नाना द्यायचा परत, पण त्याच्या मर्जीने, दोन दिवसांनी, कधी चार. तोवर आई बांगडे बोटांनी फाडायची, काय सांगू तुला, कापायची नाही, फाडायची, आणि बोटांना काटे लागून सुजायचे. मी एकदा विचारलं, आये, आपण कित्याक धार लावणव नाय? दगड तर दगड, घासायचाच तर आहे. आई म्हणाली, गप रव, लोक हसतले. बस, एवढंच. मी गप राहिले. तेव्हा गप राहिले ती पुढे पन्नास वर्षं गप राहिले, ह्याचाच मला राग येतो.

लग्न होऊन ह्या वाडीत आले. तुझ्या काकांची म्हणजे माझ्या नवऱ्याची, ह्यांची, लहान होडी होती, पुढे इंजिन बसवलं. घर समुद्राला लागून, मासळीला तोटा नाही, आणि घरात बारा माणसं. तेव्हा मी एका बैठकीत दोन पाट्या बांगडे साफ करायचे, सासू बघत बसायची आणि म्हणायची, जामसंड्याची आसा पण हात बरो आसा. हात बरो आसा, हे माझं सगळं कौतुक, आयुष्यभर पुरवून वापरलं मी ते. कर्ली ठाऊक आहे ना, ती काट्यांची मासळी? तिचे काटे केसासारखे, ते कापताना जवळजवळ, तिरके, बारीक वार करायचे, कातडं तुटता कामा नये आणि आतला काटा मात्र तुटला पाहिजे. वाडीत ती कापणाऱ्या तीनच बायका, त्यातली एक मी.

आणि धार? धार हे काढायचे. दर सोमवारी. सोमवारी आमच्याकडे मासे नाहीत, म्हणजे पाळकोयता, कोयती, सुरी सगळं मोकळं. सकाळी चहा झाला की हे खळ्यात, पुढच्या अंगणात, बसायचे, बादलीत पाणी, समोर तो काळपट दगड, आणि खस् खस् सुरू. मी वाटेत गेले की म्हणायचे, सर गो, हात कापून घेशीत. ऐकलंस? आठवडाभर मी त्याच पात्यावर हात चालवायचे, शंभर बांगड्यांची पोटं फाडायचे, तेव्हा हात कापत नव्हता, आणि दगडाजवळ गेले की कापणार! सासू त्यांच्या वरची. ती म्हणायची, बायल धार काढूक बसली काय लोक विचारतत, घोव खंय गेलो? नवरा कुठे गेला म्हणून विचारतील, म्हणजे ह्यांची अब्रू त्या दगडात. मग मी कशाला हात लावते. माणूस चांगला होता गो, वाईट बोलायचं नाही मला. मंगळवारी सकाळी मी पाळकोयत्यावर बसले की पातं चांदीसारखं चमकायचं, कधी मागावं लागलं नाही, कधी आठवण करावी लागली नाही. पण शिकवलं नाही ना! चाळीस वर्षं माझ्यासाठी धार काढली आणि एक दिवस म्हणाले नाहीत, बस हंय, बघ कशी काढतत ती.

हे गेले त्याला पाच वर्षं झाली. छातीत दुखलं, दोन तासांत संपलं. दिवसकार्य झालं, माणसं गेली, सोमवार आला, आणि खळ्यात कोणी बसलं नाही. कोणाच्या लक्षातही आलं नाही, माझ्यासुद्धा नाही. दगड त्यांच्या पेटीत गेला, जाळी विणायच्या सुयांबरोबर. माणूस गेला की त्याची जागा रिकामी दिसते, त्याचं काम मात्र थांबलेलं दिसत नाही लवकर.

मग बाबल्याने, माझ्या झिलाने म्हणजे मुलाने, कुडाळची नोकरी सोडली आणि घरासमोर खानावळ काढली. आता पर्यटक येतात ना सगळीकडे. सहा टेबलं, सुवर्णा, माझी सून, वाटप आणि भाकऱ्या बघते, बाबलो बाजार आणि गिऱ्हाईक, आणि मासे कापायचे मी. तेव्हा बाबल्याने मोठ्या हौसेने तीन सुऱ्या आणल्या, खोक्यातल्या, जाड मुठीच्या, चांगलं पोलाद. पहिले सहा महिने सुरमईतून अशा जायच्या जशी नदीतून होडी. मी म्हटलं, पाळकोयता ठेवा आता बाजूला. गिऱ्हाइकं स्वयंपाकघरात डोकावून फोटो काढायची, आजी, परत एकदा कापा ना. मी पण कापायचे परत एकदा, खोटं कशाला बोलू.

आणि हळूहळू, नंदे, माझं सगळं बिघडायला लागलं. तुकड्या सरळ येईनात. बांगड्याचं पोट फाडायला गेले की फाटायचं वाकडं. टोमॅटो दाबला की त्याचा चोथा. सुरमई कापताना मी अंगाचा भार टाकायचे, खांदा दुखायचा, मनगट दुखायचं. बाबलो म्हणाला, आवशी, तुजा वय झाला गो. सुवर्णा म्हणाली, आई, तुम्ही जरा बसा. आणि माझी अक्कल बघ, मलाही तेच वाटलं. हात गेला माझा. डॉक्टरकडे गेले, त्यांनी बोटं वाकवून बघितली, म्हणाले वयाच्या मानाने बरे आहेत की. तरी मी रात्री मिठाच्या गरम पाण्यात हात बुडवून बसायचे, तेल चोळायचे, गिऱ्हाइकांना सांगायचे, तुकडी जाड झाली हो, माफ करा, म्हातारीचा हात. माफी मागायचे! कोणाची चूक आणि कोण माफी मागतंय!

मधे एक धारवाला आला होता, मोटरसायकलवर चाक बसवलेला. बाबल्याने सुऱ्या दिल्या त्याच्याकडे. त्याने चाक असं फिरवलं की ठिणग्या दारापर्यंत, दिवाळीसारख्या. दोन मिनिटांत परत. बघते तर टोक निळं पडलेलं आणि पात्याच्या मधे खड्डा, फळीवर ठेवली तर खालून उजेड दिसतो. मी म्हटलं, मेल्या, ही सुरी आसा की कोयती? तो म्हणाला, आजी, धार आसा, बघा. धार होती, चार दिवस होती, मग पहिल्यापेक्षा वाईट. मग बाबल्याने फोनवरून एक यंत्र मागवलं, लहानसं, त्याच्या खाचेतून सुरी ओढायची. खराखरा, खराखरा, माझ्या दातांत कळ यायची. सुरीचं पातं करवतीसारखं झालं, माशाचं कातडं कापायच्या ऐवजी ओढायला लागलं. वशाड पडो त्या यंत्रावर.

आणि मग ते झालं. मोठी सुरमई होती, मी मानेवर सुरी ठेवून सगळा भार दिला, सुरी शिरायच्या ऐवजी सटकली आणि डाव्या अंगठ्यात गेली. चार टाके. फरशीवर रक्त बघून बाबलो पांढराफटक पडला, सहा फुटांचा गडी, भिंतीला धरून खाली बसला. दवाखान्यातून आल्यावर त्याने तिन्ही सुऱ्या उचलून वरच्या फळीवर ठेवल्या आणि म्हणाला, आवशी, आता तू सुरयेक हात लावचो नाय. मासे बाजारातून कापून येतील. तू लसूण सोल.

लसूण सोल! त्याच्या डोळ्यांत पाणी होतं म्हणून मी तेव्हा लसूण पुढ्यात ओढली. बाप असा अचानक गेला, आता आईचं रक्त बघितलं, तो घाबरला होता, मला कळतं. पण मला कळतं म्हणून राग यायचा राहतो काय? ज्या हातावर मी ह्या घरात उभी राहिले तो हात त्याने वरच्या फळीवर ठेवून दिला. दुसऱ्या दिवसापासून पिशवीतून कापलेली मासळी यायला लागली, एक तुकडी दोन बोटं जाड, दुसरी कागदासारखी, नळाखाली धुऊन धुऊन चव गेलेली. गिऱ्हाइकं विचारायची, आजी कुठे? आणि आजी मागच्या पडवीत लसणीच्या ढिगाऱ्यात. दीड महिना, नंदे. दीड महिना मी असं समजून बसले होते की माझं काम संपलं.

आता पास्कूमामाचं ऐक. आमच्या वाडीच्या टोकाला राहतो तो, ख्रिस्ती, पंचाहत्तरीचा, आयुष्यभर बोटीवर स्वयंपाकी होता, मोठ्या मालवाहू बोटी, सगळं जग फिरला आणि शेवटी गुडघे दुखायला लागले म्हणून घरी येऊन बसला. बायको गेली, एकटाच. ह्यांचा दोस्त. मी अधूनमधून त्याला कालवण नेऊन देते. त्या दिवशी गेले तर तो कांदा कापायला बसलेला, गुडघे धरून. मी म्हटलं, सर, दी माका. अंगठ्यावर टाक्यांचा वण अजून लाल होता. सुरी कांद्यावर ठेवली, आणि काय सांगू तुला, मी काही केलंच नाही. कांदा आपोआप दोन झाला. परत ठेवली, परत गेली. मी बारीक कापत गेले, बारीक, आणखी बारीक, पंचवीस वर्षांची असताना कापायचे तसा, कांद्याच्या आरपार दिसेल असा. आणि मग मी थांबले. हातात सुरी तशीच. पास्कूमाम म्हणाला, काय गो वैनी, रडतंस कित्याक, कांद्यान? मी म्हटलं, पास्कू, माजो हात चलता रे. तो म्हणाला, मगे? हाताक काय झाला?

हाताक काय झाला! तीन वर्षांत मला हा एक प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी घरी येईपर्यंत माझं डोकं असं तापलं होतं की वाटेत कोणी नमस्कार केला तो मला दिसलाही नाही. म्हणजे हात गेला नव्हता. धार गेली होती. हे गेले, धार गेली, आणि घरातल्या सगळ्यांनी, मी धरून, ठरवलं की म्हातारी गेली. त्या मिठाच्या पाण्यात मी हात बुडवत होते, बुडवायची होती ती सुरी!

आता मी आधी एक मूर्खपणा केला तो सांगते, कारण लपवून काय करायचं. मी रागात होते, म्हटलं कोणाकडे जायचं नाही, चाळीस वर्षं बघितलंय ना. दुपारी बाबलो झोपल्यावर फळीवरची एक सुरी काढली, पेटीतून दगड काढला, आणि हे पाळकोयत्याला करायचे तसंच केलं. सुरीची मूठ गुडघ्याखाली दाबून घट्ट धरली आणि दगड पात्यावर फिरवला, एकाच अंगाने, कारण पाळकोयत्याला एकाच अंगाने धार असते, दुसरं अंग सपाट. तासभर घासलं. नख टेकवलं तर धार लागली होती! मी खूश. फ्रीजमध्ये सुरमईचा एक मोठा न कापलेला तुकडा होता तो काढला, एक तुकडी कापली. सुरी वरून सरळ शिरली आणि खाली जाताना डावीकडे पळाली. वर एक बोट जाड, खाली तीन बोटं. दुसरी कापली, तशीच. सुरी जशी काय रुसून माहेरी निघाली होती. घाबरून त्या तुकड्या मी कालवणात लपवल्या, आणि सुरी पदराखाली घेऊन पास्कूमामाकडे.

त्याने सुरी डोळ्याजवळ नेली आणि असा हसला की खोकला लागला. वैनी, सुरयेक दोन गाल आसतत, तू एकाच गालाक पावडर लावलंस. पाळकोयतो पाटार बसता, तेका चलता. सुरी हातात फिरता, तिका दोनय बाजू सारख्यो होयत. मी म्हटलं, मगे शिकव. तो म्हणाला, घोवान नाय शिकवल्यान? मी म्हटलं, ता माका विचारू नको, वर जाऊन तेंकाच विचार. तो म्हणाला, इतक्यात जावचो इचार नाय, पुढल्या सोमवारी ये आणि तुझो दगड घेऊन ये.

सोमवारी दगड नेला. त्याने ओला करून त्याच्यावर पट्टी आडवी धरली, ती लहान मुलांची लाकडी, आणि म्हणाला, बघ. पट्टीखाली दगडाच्या मधोमध ही एवढी खोल जागा. चाळीस वर्षं घासून घासून पडलेली, वाटीसारखी. ह्या दगडार सरळ सुरी कधी लागाची नाय, म्हणाला, पयलो दगड सपाट कर. सपाट म्हणजे? म्हणजे सिमेंटच्या पायरीवर पाणी टाकून घास, खड्डा जाईपर्यंत. नंदे, मी त्या खड्ड्यात बोट घातलं. तो खड्डा म्हणजे ह्यांचा हात होता. प्रत्येक सोमवार त्यात होता. मी दगड उचलला आणि घरी चालले. तो मला पुसायचा नव्हता. निम्म्या वाटेवर मला परत राग आला, ह्यांच्यावरच आला, मेल्यावर पहिल्यांदा आला. म्हटलं, एवढा हात ह्या दगडाला दिलात आणि मला थोडासुद्धा दिला नाहीत? तशीच वळले. पास्कूमामाच्या पायरीवर बसले आणि घासला. दोन सोमवार लागले. खांदे भरून आले, राखाडी चिखल कोपरापर्यंत. पण सपाट केला. आता तो दगड माझा आहे.

मग त्याने शिकवलं. सांगते तुला, लिहून घे, हे लिहिण्यासारखं आहे. दगड गोड्या पाण्यात बुडवून ठेवायचा, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. खाली ओलं फडकं घालायचं म्हणजे सरकत नाही. सुरी आडवी ठेवायची आणि पाठ उचलायची, खाली करंगळी जाईल एवढीच, जास्त नाही, आणि ती तेवढीच ठेवायची, पहिल्या घासापासून शेवटच्यापर्यंत. हेच कठीण. माझा हात वर-खाली व्हायचा. पास्कूमाम म्हणाला, धारेला काळी शाई लाव, कुठे घासलं जातं ते कळेल. माझ्याकडे कुठली शाई, मी काजळ लावलं. सुवर्णाच्या डबीतलं. काजळ जिथे पुसलं गेलं तिथे दगड लागतोय, जिथे राहिलं तिथे लागत नाही. सुवर्णा शोधतेय काजळ, आणि काजळ सुरीच्या डोळ्यात!

मग घासत राहायचं, घाई नाही, जोर नाही. थोड्या वेळाने पलीकडच्या अंगाला बारीक खरखर लागते बोटाला, धारेवरून आडवं बोट न्यायचं, धारेच्या दिशेने नाही गो, नाहीतर परत टाके. पास्कूमाम आतून ओरडायचा, मिशी इली? मी म्हणायचे, कोणाक? सुरयेक गो! खरखर म्हणजे मिशी. एका अंगाला मिशी आली पुऱ्या लांबीची, की सुरी उलटायची आणि दुसऱ्या अंगाला तेवढंच. मग हलक्या हाताने, एकदा हे अंग, एकदा ते, नुसतं गोंजारल्यासारखं, मिशी जाईपर्यंत. शेवटी जुन्या चामड्याच्या पट्ट्यावरून मागे ओढायची. आणि बघायचं कशावर? बोटावर नाही. पिकलेल्या टोमॅटोवर. नुसती ठेवायची, दाबायची नाही. शिरली तर झालं, नाहीतर परत बस. मला परत बसावं लागलं, किती सोमवार ते सांगत नाही, पास्कूमामाने तेवढे टोमॅटो फुकट खाल्ले.

घरात कळलंच. वाडीत काय लपतं? बाबलो म्हणाला, आवशी, टाके इसारलंस? लोक माका विचारतत, तुजी आवस धारवाली झाली काय? मी म्हटलं, लोकांका सांग, होय, झाली. पण सुऱ्या फळीवरच. मी त्या सोमवारी खाली काढायचे, धार करायचे आणि परत ठेवायचे. त्या सुऱ्यांचा खड्डासुद्धा काढला घासून, तीन महिने लागले. त्याला मी शब्दाने नाही सांगितलं की मला कापू दे. मी काय भीक मागणार होते काय माझ्याच स्वयंपाकघरात?

मग एक दिवस बाबल्याचं जुनं गिऱ्हाईक आलं, दरवर्षी येणारी माणसं, आणि त्यांना कर्ली पाहिजे. बाबल्याने कर्ली आणली ती अख्खी, कारण बाजारात ती कापून देणारी बाई त्या दिवशी नव्हती, आणि बाकीच्या म्हणाल्या आमच्याच्यान होणार नाही. बाबलो ओट्यासमोर उभा. सुवर्णाकडे बघतो, सुवर्णा खाली बघते. मी लसूण खाली ठेवली. फळीवरून मधली सुरी काढली. बाबलो म्हणाला, आवशी, नको. मी म्हटलं, सर बाजूक.

आणि कापली, नंदे. तिरके वार, जवळजवळ, एक, दोन, तीन, आत काटा तुटतो ना, तो बारीक कट कट आवाज, तो मी तीन-चार वर्षांनी ऐकला. कातडं कुठेही तुटलं नाही. भार नाही, खांदा नाही, नुसतं मनगट. बाबलो माझ्या अंगठ्याकडे बघत उभा होता. दोन्ही कर्ल्या झाल्या तेव्हा म्हणाला, आवशी, हात तसोच आसा मगे.

कोणी दुसरी असती तर खूश झाली असती. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, तसोच आसा नाय रे, तसोच होतो! सगळो वेळ तसोच होतो! सुरी मेलेली, आणि तुमी माका पुरलास! आवशीचो हात गेलो म्हणान सांगतास, पण एकान तरी त्या पात्याक बोट लावन बघलास? तुझो बापूस गेल्यार ह्या घरात धार कोण काढता, एकान तरी विचारलास? गिऱ्हाइकं बाहेर ऐकत होती, ऐकू दे. बाबल्याची मान खाली. मग म्हणाला, माका खंय येता धार काढूक, बाबांनी माकाय नाय शिकवल्यानी. हे मात्र मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, मी बाई म्हणून नाही शिकवलं. तो माणूस कोणालाच शिकवून गेला नाही. आता ह्याच्यावर रागवायचं की काय करायचं ते तूच सांग, मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता फळी रिकामी आहे. सुऱ्या माझ्या हाताशी. पिशवीतली मासळी बंद. सोमवारी मी खळ्यात बसते, उघड्यावर, आणि शेजारी सुवर्णाला बसवते. ती पहिल्यांदा म्हणाली, आई, तुम्ही आहात ना. मी म्हटलं, मी आसय म्हणानच बस. माझ्यानंतर तू कांदे फाडत बसायचं नाही. तिचा हात अजून वर-खाली होतो, पण येईल. वाडीतल्या दोघी-तिघी येतात पदराखाली सुरी घेऊन, मी सांगते, पदराखालून कशाला आणतास गो, काय चोरलेली आसा? वाटेवरून एक म्हातारे जाताना विचारतात, काय, आज बायका कामाला? मी म्हणते, बायका रोजच कामाला होत्या, तुम्ही आज बघितलंत. बाबल्यालाही म्हटलंय बस म्हणून. तो म्हणतो, पुढल्या सोमवारी. दर सोमवारी म्हणतो.

हात एक दिवस जाणार आहे, मला काय कळत नाही? अडुसष्ट झाली. पण जाईल तेव्हा पहिल्यांदा मला कळेल, दुसऱ्या कोणाला नाही. त्या दिवशी धार केलेल्या सुरीने टोमॅटो कापला गेला नाही, की मी समजेन, आता हात. मग मीच सुरी सुवर्णाच्या हातात देईन आणि लसूण सोलायला बसेन, आणि आनंदाने सोलेन. पण ते मी सांगायचं. मला कोणी सांगायचं नाही.

झालं, बंद कर आता तो फोन, गळा सुकला माझा. देव तुझं बरं करो, पोरांचं बरं करो, आईला माझा नमस्कार सांग. आणि ह्या वेळी चार वर्षांनी आलीस तशी पुढे करू नको. हात चलता तवसर ये, चतुर्थीची वाट बघू नको, पोरांना घेऊन ये, दोन दिवस राहायचं असंच ये. आणि येण्याआधी कळव गो, नायतर बाबलो सगळी मासळी गिऱ्हाइकांना वाढून मोकळो होता.